दाजींच्या फटफटीचा पंप

पाली,
मंगळवार, ता. ९ डिसेंबर १९५८

ती. केसरआक्का हिला,

दयारामचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. मनू आणि दोन्ही पोरी बऱ्या आहेत. भात झोडून झालं, पेंढा माळ्यावर चढला. दाजी येऊन आज दहा दिवस झाले. मनूच्या हातची भाकरी आणि वालाचं बिरडं खाऊन त्यांच्या गालावर मांस आलंय. त्यांची काळजी करू नकोस.

दाजींकडून कळलं, तू मास्तरणीच्या वर्गात जातेस आणि आता वाचू लागलीस. दुकानावरच्या पाट्या वाचतेस, म्हणाले. ऐकून मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! म्हणून अक्षर मोठं आणि सुटं काढतोय. जोडाक्षर अडलं तर थांब, पुन्हा वाच. पण आक्का, हे पत्र तूच वाच. शेजारच्या कमळकडे नेऊ नकोस, मास्तरणीकडेही नको. आजवर माझी पत्रं तुला दाजी वाचून दाखवायचे. हे त्यांनी वाचायचं नाही.

आधी फटफटीचं सांगतो. गाडी तयार झाली. काल आम्ही ती वाकण फाट्यापर्यंत नेऊन आणली. दाजींनी स्वतः चालवली.

तुला माहीत आहे, गाडी जळल्यापासून माझ्याच पडवीत गोणपाटाखाली पडून होती. इंजिनाला फारसं झालं नव्हतं, टाकी मात्र फुटून फुलासारखी उघडली होती. लढाईच्या वेळची गाडी ती, तिची टाकी आता कुठे मिळणार? मी म्हटलं, पत्र्याची नवी करतो. दाजी म्हणाले, "कर. पन माझ्या मांडीत नको. पुन्यांदा मी पेट्रोल मांडीत घेऊन बसनार न्हाय."

झालं. टाकी वर नको म्हटल्यावर सगळाच घोळ. वरची टाकी असली की पेट्रोल आपसूक खाली उतरतं, माठाला तोटी असावी तसं. मी टाकी केली ती साइडकारच्या मागे, खाली, इंजिनापासून लांब. आता तिथून पेट्रोल वर इंजिनाकडे चढवायचं कोणी? त्याला पंप हवा. पेणच्या एका वकिलांची जुनी छोटी मोटार भंगारात निघाली होती. तिचा विजेवरचा पंप मी काढून आणला. ती मोटार सहा व्होल्टची, आपली फटफटीही सहा व्होल्टची, म्हणून जमलं. पंपातला पडदा वाळून पापडासारखा झाला होता. तो मुंबईहून मागवला. तांब्याची नळी ओढली, वायर ओढली, हँडलवर दाजींच्या अंगठ्याशी एक बटण बसवलं. बटण दाबलं की पंप टकटक करतो, आणि इंजिनाशेजारची पेट्रोलची वाटी भरली की आपोआप गप्प होतो. बटण बंद केलं की पेट्रोल टाकीतच राहतं, थेंबभर वर येत नाही.

असं व्हायला पाहिजे. पहिल्या दिवशी तसं झालं नाही.

बटण दाबलं. पंप टकटक करू लागला. आम्ही दोघं वाट बघतोय, आता थांबेल, मग थांबेल. तो थांबेचना. आणि वाटीच्या कडेवरून पेट्रोल ओघळायला लागलं. टप टप खाली. वाटीत एक सुई असते, वाटी भरली की तिने वाट बंद करायची. जुनी सुई झिजली होती. नुसतं ओघळून येणारं पेट्रोल ती अडवायची, पंपाच्या जोरापुढे तिचं चालेना. मी बटण बंद केलं. गाडी थंड होती, इंजिन चालू नव्हतं, काही होणार नव्हतं. पण मागे पाहिलं तर दाजी भिंतीला टेकून उभे. तोंडावर रक्ताचा थेंब नाही. एक हात जळलेल्या पायावर.

मग म्हणाले, अगदी हळू, "दया, या वेळी साबन लावू नको हां."

आक्का, आता मला ते सांगायचं आहे जे येत्या माघात तीन वर्षं होतील तरी सांगितलं नाही. दाजी वाचून दाखवतात म्हणून लिहिता आलं नाही, असं मी मनाशी म्हणत आलो. ते खोटं आहे. मी दर भाऊबीजेला उरणला येतो, तुझ्या पाटावर बसतो. तोंड होतं की मला.

तुम्ही दोघं माघी उत्सवाला इकडे आला होतात. फटफटीच्या टाकीचा सांधा पाझरत होता. दाजींनी मला सांगितलं, "सवडीनं डाग दे, आमी दोन दिवस हाव." डाग द्यायचा म्हणजे कथील वितळवून सांधा बुजवायचा; त्याआधी टाकी उतरवायची, रिकामी करायची, धुवायची, दिवसभर उन्हात वाळवायची. नाहीतर आतला वास पेटतो. आणि त्या दिवशी कुस्त्या होत्या. नागोठण्याचा पैलवान येणार होता. मी साबणाची वडी मळली, सांध्यात दाबली, वरून काळा रंग फिरवला, आणि कुस्त्यांना गेलो. साबणाने पेट्रोल थांबतं, पण घरी पोचण्यापुरतं. पुढे गाडीच्या धक्क्यांनी तो निघतो. हे मला ठाऊक होतं. लढाईत चार वर्षं मोटारखात्यात फिटर होतो मी. मला नाही तर कोणाला ठाऊक असणार?

दुसऱ्या दिवशी दाजींनी विचारलं, "दिलास डाग?" मी म्हटलं, "दिला."

तूही त्यांच्याबरोबर साइडकारमध्ये बसून जाणार होतीस. मनूने तुला आणखी एक दिवस ठेवून घेतलं. ही एकच गोष्ट मी तीन वर्षं उशाशी घेऊन निजतो.

वाकणच्या अलीकडे भडका उडाला. लोकांनी दाजींना बैलगाडीत घालून आणलं. तू छाती पिटत विचारलंस, "असं कसं झालं रं दया?" सगळे माझ्याकडे बघत होते, मी गाडीतला जाणकार. आणि मी म्हणालो, "बिडी ओढत असतील."

एवढंच बोललो. एकदाच बोललो. पण त्या दिवसापासून तू धरून बसलीस. गेल्या भाऊबीजेला मला ओवाळताना तू म्हणालीस, "बिडीपायी पाय जाळून घेतला या मानसानं, आनि आता मिठागरात लंगडत जातोय." दाजी समोरच बसले होते. हसले. त्यांच्या पायाची कातडी खाऱ्या पाण्याने फाटते, रात्री तू तेल लावतेस, आणि तेल लावता लावता बोलतेस. ते ऐकून घेतात. त्यांनी त्या दिवशी बिडी ओढली नव्हती, आक्का.

दाजींनी साबणाचं नाव घेतलं तेव्हा माझ्या हातात पाना होता. तो मला ठेवताही येईना. मी विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं?"

"वास आला म्हनून खाली हात घातला. बोटांना बुळबुळीत लागलं. गाडी थांबवतोय तवर भडकाच झाला."

"मग तीन वर्षं बोलला का नाहीत?"

"कोनाला बोलू? तिला? तिला आई न्हाय, बाप न्हाय. तुला कडेवर घेऊन तिनं वाढवला. तिचं म्हायेर म्हंजे तू. ते मी मोडू?" मग म्हणाले, "बिडीवरनं बोलते तर बोलू दे. बिडी सुटली, खोकला तरी गेला."

मी खाली बसून रडलो. मोठा माणूस, दोन पोरींचा बाप, पडवीत बसून रडलो. मनू धावत आली. तिलाही तेव्हाच सगळं सांगितलं. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

मी दाजींना म्हटलं, "मी आक्काला कळवतो." ते म्हणाले, "नको. झालं ते गेलं. तू पंप नीट कर. बेकरीवाल्यानं नाताळच्या आत गाडी आन म्हनलाय, मला गावोगाव पाव पोचवायचे हायत. मिठागरात आता पाय चालत न्हाय."

मग मी काम केलं, आक्का, तसं आयुष्यात केलं नव्हतं. नवी सुई बसवली, तिचं बूड घासून घासून नेमकं केलं. नळीचा प्रत्येक जोड उलगडून पुन्हा आवळला. टाकीला डाग दिला तो दाजींना शेजारी बसवून. त्याआधी ती रिकामी करून चार दिवस वाळवली होती. मग पंप चालू केला. त्याने टकटक केली आणि वाटी भरताच गप्प झाला. खाली कोरा कागद अंथरला. सकाळपासून दिवे लागेपर्यंत मी दर तासाला बटण दाबत होतो आणि कागद बघत होतो. कागद कोरा राहिला. दाजींनी तो उचलून नाकाशी धरला. "वास पन न्हाय," म्हणाले.

काल निघालो. साइडकारमध्ये टाकीला पाठ लावून मी बसलो. दाजी म्हणाले, "उतर, मी एकटा जातो." मी उतरलो नाही.

जिथे भडका उडाला होता तिथे त्यांनी गाडी थांबवली. बटण बंद केलं. दोघंही उतरून बांधावर बसलो. ते पाय चोळत होते.

"तुला भीती वाटली काय?" त्यांनी विचारलं.

"वाटली."

"मला पन." मग उठले, गाडीभोवती एक फेरी मारली, खाली वाकून हात फिरवला, बोटं बघितली. कोरडी. "चल," म्हणाले.

वाकणला चहा घेतला आणि परत फिरलो. येताना दाजी शिमग्यातलं गाणं म्हणत होते, डिसेंबरात! इंजिनाच्या आवाजात मला अर्धंच ऐकू येत होतं. मी पाठीमागे पंपाची टकटक ऐकत होतो आणि तीन वर्षांत पहिल्यांदा मला पोटभर श्वास आला.

दाजी शुक्रवारी इथून निघून पेण-पनवेलवरून संध्याकाळपर्यंत घरी येतील. ते दारात उभे राहायच्या आधी तुला खरं कळावं, म्हणून पत्र आजच्या टपालात टाकतो. त्यांना हे माहीत नाही. तू त्यांच्याशी काय बोलायचं ते तुझं तू जाण. माझं काय करायचं तेही तूच ठरव. दार बंद केलंस तरी मी कुरकुर करणार नाही. क्षमा मागायला लाज वाटते, पण मागतो.

तुझा अपराधी,
दयाराम



पाली,
शनिवार, ता. २७ डिसेंबर १९५८

ती. केसरआक्का हिला,

दयारामचा नमस्कार.

तुझं कार्ड काल मिळालं. पोस्टमन काळूराम आता वाचून दाखवणार असं मला वाटलं, तर मी ते त्याच्या हातातून ओढूनच घेतलं. तुझं अक्षर मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. ओळी वर चढत गेल्यात, काना कुठे आहे कुठे नाही, पण सगळं लागलं.

पंधरा दिवस मी टपालाच्या वेळी दारातच बसायचो. कामात हात चालत नव्हता. मनू म्हणाली, "आता तरी बसून राहू नका, तोंड दाखवून या." मी म्हटलं, बोलावल्याशिवाय कसा जाऊ?

तू लिहिलंस, पत्र वाचायला दोन दिवस लागले, आणि दाजी आले तेव्हा तू अंगणातच त्यांच्या पाया पडलीस. आणि ते म्हणाले, "उठ, लोक बघतायत." हे वाचून मी हसलोही आणि रडलोही. दुसऱ्याच दिवशी पहाटे ते पाव घेऊन गेले, चार गावं करून अकराला घरी आले, पाय कोरडा होता, हेही लिहिलंस. मनूला तीनदा वाचून दाखवलं. पाय कोरडा होता, हे तीन शब्द माझ्यासाठी किती मोठे आहेत ते तुला ठाऊक असणारच, म्हणून तर लिहिलेस.

मग खाली तू लिहिलंस, "तुजा राग हाय. खूप हाय. एवडा राग मला आजून लिवता येत नाय. तू समोर ये."

येतो, आक्का. सोमवारच्या एस.टी.ने येतो. एकटाच येतो, मनूला आणि पोरींना घेऊन आलो तर तू त्यांच्यासमोर बोलणार नाहीस. जे बोलायचं ते सगळं बोल. लहानपणी ओढ्यात उतरलो म्हणून तू फोकाने मारलं होतंस आणि मग मलाच पोटाशी धरून रडली होतीस. या वेळी पोटाशी धरलं नाहीस तरी चालेल. मी मान खाली घालून उभा राहीन. शेजारणींनाही बोलाव, त्या दिवशी बिडी नव्हती हे मी त्यांच्यासमोर सांगेन. दाजींची मान वर झाली पाहिजे.

दाजींना सांग, पंपाची टकटक मंद झाली तर हात लावू नका, त्यातले विजेचे पॉइंट मी येऊन साफ करतो. बॅटरीत पाणी बघायला सांग.

कार्ड मी देव्हाऱ्यात ठेवलंय. तुला वाटेल, त्यात रागाखेरीज काय आहे? पण आक्का, तू सगळ्यात वर, माझ्या नावाआधी, एक अक्षर घातलंस. दोनदा गिरवून. शाई पसरलीय तिथे. मास्तरणीने सांगितलं असेल, धाकट्याला असं लिहायचं असतं म्हणून. किंवा नसेलही सांगितलं. मी विचारणार नाही.

एवढं कळून, एवढ्या रागात, तू ज्याला चि. लिहिलंस तो,
दयाराम