साहेबांसमोर काढलेली टोपी

अहो,

काल कॉलेजच्या गेटवर तुमची मान वाकलेली बघितली, म्हणून हे लिहायला बसले.

तुम्ही वाकला नव्हतात, ते मला ठाऊक आहे. तुम्हाला जाऊन वर्ष झालं. वाकवली ती फ्लेक्सवाल्यानं! वॉचमनच्या ड्रेसमधला तुमचा फोटो घेतला, डोक्यावरची टोपी काढून हातात दिली आणि कॉम्प्युटरवर मान चांगली वीतभर खाली ओढली. शेजारी साहेबांचा फोटो, तुमच्या तिप्पट. खाली मोठ्या अक्षरात 'निष्ठेला वंदन'. कोण कुणाला वंदन करतंय, ते चित्र बघून आंधळ्यालाही कळलं असतं.

पूर्वी तुम्हाला पत्र लिहायचे तेव्हा पाकिटावर गावाचं नाव नसायचं, नुसता फौजेच्या टपालाचा, एपीओचा नंबर. तुम्ही बर्फात आहात की वाळूत, मला पत्ता नसायचा. तरी पत्र पोचायचं. तेव्हा आता पत्ता नाही ही सबब मला सांगू नका. हेही पोचलं पाहिजे.

हवालदार म्हणून पेन्शनीत आलात तेव्हा गावानं तुमची उघड्या जीपमधून मिरवणूक काढली होती, आठवते? फेटा काय, हलगी काय, बायकांनी ओवाळलं काय! तुम्ही जीपवर नव्या नवऱ्यासारखे लाजत होतात. आणि ज्यांनी तो फेटा बांधला, तेच दोन महिन्यांत पारावर बसून विचारायला लागले, "काय फौजी, रिकामंच व्हय?"

मग तुम्ही काम शोधत फिरलात. निपाणीचा तो तंबाखूचा वखारवाला म्हणाला, "मिलिट्रीची माणसं लई कडक असतात. माझ्या बायका काम सोडून जातील." तुम्ही आणि कडक! दारातल्या कुत्र्याला हाड म्हणताना तुमची जीभ अडखळायची. एका कारखान्यात साहेबानं कन्नडात विचारलं, वाचता येतं का. तुम्ही कन्नडातच सांगितलंत, "माताडाक बरतैत्री, ओदाक बरंगिल्ल." बोलता येतं, वाचता येत नाही. झालं, परत पाठवलं. अजून एकानं अनुभव विचारला. तुम्ही म्हणालात, अख्ख्या कंपनीचा शिधा आणि गाड्या सांभाळल्यात. तो म्हणाला, "तसला न्हवं, कामाचा अनुभव."

आणि माझे सख्खे मामेभाऊ! शहरात दोन प्लॉट, हायवेला पेट्रोल पंप. त्यांच्याकडे तुम्ही शब्द टाकायला गेलात तर चहा पाजून म्हणाले, "दाजी, तुम्हास्नी पेन्शन हाय की. कशाला गरिबाच्या पोटावर पाय देता?" गरिबाची एवढी काळजी त्यांना त्याच दिवशी वाटली. आधी नाही, नंतर नाही.

शेवटी तुम्हाला घेतलं ते साहेबांनी. साहेब म्हणजे त्या हायवेकडच्या कॉलेजचे चेअरमन. उभ्या जन्मात एनसीसीची चड्डीसुद्धा चढवली नसेल, पण सलामीची हौस दांडगी. पहिल्याच दिवशी बोलले, "गाडी गेटात शिरली की कडक सॅल्यूट पाहिजे. त्यासाठीच मिलिट्रीवाला ठेवतोय. नाहीतर वॉचमन काय, कुणीही मिळतो." घरी येऊन तुम्ही हे सांगितलंत आणि खाली मान घालून भाकरी खाल्लीत. मी म्हटलं, जाऊ नका. तुम्ही म्हणालात, पोरीचं लग्न ठरतंय, काही दिवस बघू. ते काही दिवस तुम्ही मरेपर्यंत संपले नाहीत.

एकदा तुम्ही डबा विसरलात म्हणून मी तो घेऊन गेटवर आले. तेवढ्यात साहेबांची पांढरी गाडी वळली. तुम्ही झटक्यात टोपी काढलीत, काखेत धरलीत, सावधान उभे राहिलात आणि म्हणालात, "राम राम साहेब." गाडीतून दोन बोटं हलली. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. डबा तिथंच स्टुलावर आदळून मी निघून आले.

संध्याकाळी तुम्ही पायरीवर बूट काढत होतात, तिथंच मी तुम्हाला गाठलं. "सॅल्यूट मागितला तर टोपी बी काढून देता व्हय? उद्या पायताण बी काढा म्हणंल!"

तुम्ही हसायला लागलात. "अगं येडे, टोपी डोस्क्यावर न्हाय तर सॅल्यूट न्हाय. फौजेतला नियमच हाय त्यो. उघड्या डोस्क्यानं कुणी सॅल्यूट मारत न्हाय. म्हणून गाडी दिसली की आधी टोपी काढायची. आता मागंल कुठनं?"

"आन त्यानं काय इचारलं न्हाय?"

"इचारलं की पयल्याच दिवशी. म्हटलं, साहेब, तुमच्यासमोर टोपी घालून कसा हुबा ऱ्हाऊ? लई खूष झालं गडी!"

तव्यावरची भाकरी करपली, पण माझं हसू थांबेना. रोज सकाळी तो गडी गाडीत फुगून बसायचा आणि रोज सकाळी तुम्ही त्याला सॅल्यूट नाकारायचात! मग मला तुमचा डबा भरताना कधी जड गेलं नाही.

पण एक सांगते, रागावू नका. गालातल्या गालात हसलात ते आपल्या घरात. बाहेर काय झालं? साहेब प्रत्येक पाहुण्याला तुमच्याकडे बोट करून दाखवायला लागले, "हा माणूस शत्रूपुढे वाकला नाही, पण माझ्यापुढे टोपी काढतो." तुमच्या कानावर येत होतं ना हे? एकदा तरी तोंड उघडायचं होतं! तुम्ही म्हणायचात, "बोलू दे गं, वाऱ्यावर जातंय." वाऱ्यावर नाही गेलं. फ्लेक्सवर आलं.

तुमच्या मागं काय काय झालं तेही ऐका. दहाव्याला घाटावर कावळा शिवायची वाट बघत होतो. शेजारचे भरमाआप्पा हळूच जवळ सरकले. मला वाटलं, धीर द्यायला आले. तर म्हणतात, "वैनी, ते मिलिट्री कँटीनचं कार्ड चालू ऱ्हातंय न्हवं?" कावळ्याचं पिंडाकडे नव्हतं एवढं त्यांचं लक्ष तुमच्या रमच्या बाटलीकडे! मी म्हटलं, "चालू ऱ्हातंय की. पर आता त्याच्यावर नुसता साबण आन चहापावडर येणार." तेव्हापासून ते आपल्या दारावरून जातच नाहीत. तुम्ही असताना मात्र दर महिन्याला तुमच्या शौर्याच्या गोष्टी ऐकायला यायचे.

आणि आता संदीप. तुमचा लेक महिन्यापूर्वी नाईक म्हणून पेन्शनीत आला. या खेपेला जीप नव्हती, हलगी नव्हती, ते बरंच झालं. फौजेत त्यानं मोठ्यातल्या मोठ्या गाड्यांची इंजिनं खोलून परत बसवली. इथं शोरूमवाल्या पोरानं त्याला विचारलं, "काका, सर्टिफिकेट कंपनीचं आहे का?" काका! रोज इस्त्रीचा शर्ट घालून काम शोधायला शहरात, कॅम्पाच्या बाजारात जायचा आणि उन्हानं रापून परत यायचा. अगदी तुम्ही फिरलात तसा. दोन्ही पोरांच्या शाळेच्या फिया तोंडावर होत्या.

मागच्या आठवड्यात साहेब स्वतः घरी आले. वर्षश्राद्धाचं निमित्त, गेटवर कार्यक्रम, शाल, नारळ. जाताना म्हणाले, "वहिनी, हवालदारांची टोपी मी जपून ठेवलीय. आता ती संदीपच्या डोक्यावर. ही परंपरा आहे." कुणी मागितली होती परंपरा? मी संदीपकडे बघितलं. तो खाली बघून म्हणाला, "बघू साहेब." अहो, तो 'बघू' तुम्हीही म्हणाला होतात. अगदी तुमचाच आवाज. एक माणूस त्या गेटवर उभा राहून संपला, आता दुसराही जाणार असं वाटलं.

काल आम्ही दोघं गेलो. मांडव, खुर्च्या, माईक, एका बाजूला हार घातलेला तुमचा फोटो. सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी तुम्हाला दोनदा शहीद म्हटलं. बीपीची गोळी घेऊन दुपारी आडवे झालात ते उठला नाहीत. कसले शहीद? पण टाळ्या पडल्या. साहेबांनी भाषण ठोकलं, शत्रू झाला, टोपी झाली, नंतर स्वतःचा दिलदारपणा. मागच्या रांगेत सुभेदार यल्लाप्पा आणि तुमच्या पलटणीतले चार-पाच पेन्शनर हाताची घडी घालून बसले होते. टोपीची गोष्ट ते पहिल्यांदाच ऐकत होते. मग साहेबांनी नावानं संदीपला वर बोलावलं आणि माईकवर जाहीर करून टाकलं, "सोमवारपासून हा आमच्या गेटवर उभा राहील!" आणि तुमची ती निळी टोपी त्याच्या हातात दिली.

मी पदर तोंडात धरला होता. उठून ओरडावंसं वाटत होतं.

संदीपनं टोपी उलटसुलट करून बघितली. मग नीट डोक्यावर बसवली. साहेब हसले. तो साहेबांकडे वळलाच नाही. तुमच्या हार घातलेल्या फोटोकडे तोंड केलं, टाच आपटली आणि असा सॅल्यूट मारला की माईकमधूनही आवाज घुमला. मागच्या रांगेतली सगळी म्हातारी माणसं एका झटक्यात उभी राहिली.

मग तो साहेबांकडे वळला. टोपी काढली. काखेत धरली. सावधान. "राम राम साहेब."

मागून यल्लाप्पांच्या नाकातून फर्रकन आवाज आला! त्यांना उमगलं. तुम्ही इतकी वर्षं काय करत होतात, ते एका क्षणात उमगलं. हसू शेजारच्याला गेलं, त्याच्या शेजारच्याला गेलं, सगळी रांग पोट धरून हसायला लागली. यल्लाप्पा डोळे पुसत म्हणत होते, "हवालदारा, भले रं वाघा!" आणि साहेब? साहेबांनी इकडेतिकडे बघितलं आणि तेही हसायला लागले. टाळ्या वाजवल्या. माईकवर म्हणाले, "बघा, रक्तातच आहे आदर!"

संदीपनं टोपी साहेबांपुढच्या टेबलावर ठेवली. "साहेब, गेट दुसऱ्या कुणाला तरी द्या," एवढंच बोलला आणि खाली उतरून माझ्याजवळ आला. मी त्याचा हात धरला तो घरापर्यंत सोडला नाही.

वाटेत म्हणाला, "आई, जांबोटीच्या रस्त्याला पत्र्याचं एक शेड बघून ठेवलंय. ट्रॅक्टर, पंप, काय येईल ते दुरुस्त करतो." चालेल की नाही, देव जाणे. केल्या कामाचे पैसे मागायला तोही तुमच्यासारखाच लाजतो. पण काळजी करू नका, गल्ल्यावर मी बसणार आहे. माझे मामेभाऊ ट्रॅक्टर घेऊन आले तर त्यांना चहा पाजीन आणि विचारीन, "तुमचा पंप हाय की! कशाला गरिबाच्या शेडात येता?"

तो फ्लेक्स मी मागून आणला. आठवण म्हणून द्या म्हटलं, तर साहेबांना गहिवरून आलं. घरी आल्यावर तुमचं ते वाकलेलं चित्र कात्रीनं कापून चुलीत घातलं. ते तुम्ही नव्हतातच. उरलेला फ्लेक्स गवताच्या गंजीवर टाकलाय. साहेब एकटेच आभाळाकडे बघत हसतायत, शेजारी एक मोठं भोक. म्हैस त्यांच्याकडे ढुंकून बघत नाही.

आता वचन देते. ही टोपीची गोष्ट मी घरात ठेवणार नाही. शेडात येणाऱ्या प्रत्येकाला सांगीन, बाजारात सांगीन, नातवंडांना तर पाठच करून घेईन. हिंडलग्यापासून निपाणीपर्यंत सगळ्यांना कळलं पाहिजे की तुम्ही टोपी का काढायचात. एक साहेब सोडून. त्यांना मी मरेपर्यंत सांगणार नाही.

तुमची हवालदारीण,
सुनंदा