आज पाती भिजवली नाहीत

१ ऑगस्ट १९७८, दिवेलागण
डाकबंगला, सोनपेठच्या अलीकडे

दुकानासाठी चटयांचा माल पसंत केला, विणणाऱ्या बायकांची थट्टा केली, दोनदा चहा झाला. तरी मन थाऱ्यावर नाही.

निजामाच्या वेळच्या या बंगल्यात कौसाबाई गावच्या बायकांना शिंदीच्या चटया विणायला शिकवतात. पाती रात्रभर भिजल्याशिवाय वळत नाहीत, म्हणून घरी जाताना प्रत्येक बाई उद्याची पाती टाक्यात टाकते. आज एकीनंही टाकली नाहीत. कौसाबाई म्हणाल्या, विसरल्या असतील. पंधराजणी एकदम?

जाताना पाटलांची सून शेजारणीला हळूच म्हणाली, "बाईला सांगावं का गं?"

"गप बस. आपल्याला बी गावातच ऱ्हायचं हाय."

हॉटेलात कपबशा विसळत मोठा झालो; कुजबुज माझ्या कानातून सुटत नाही.

विद्यापीठाच्या नावावरून गावंच्या गावं पेटलीत, बौद्धांची घरं जाळतायत. कौसाबाई बौद्ध, आणि मागच्या खोलीत एकट्या राहतात. उद्या वर्ग भरणार नाही हे सगळ्यांना ठाऊक, फक्त शिकवणारीला नाही. टाकं पुन्हा पाहून आलो. पाणी तसंच, आत एक पातं नाही.

ऐकलेलं सगळं त्यांना सांगितलं. म्हणालो, "माझ्या जीपमधून परभणीला चला. आत्ताच."

"शेठ, आज पळाले तर मंग मला परत इथं कोण शिकवू देतंय?"

मग मीच थांबायचं ठरवलं. चार माणसं मला ओळखतात, निदान दारात बसेन. ड्रायव्हरला सांगितलं, आज मुक्काम इथंच.

तो चाकाकडे बघत म्हणाला, "तुमी ऱ्हावा शेठ. मला जाऊ द्या."

म्हणजे यालाही माहीत होतं. सकाळपासून माझ्या शेजारी बसून.