मांडीवरचे तीन फ्यूज

अप्पा, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली आणि एक गोष्ट मी तुम्हाला अजून सांगितलेली नाही. बिलोलीच्या त्या दुपारची. तुम्ही दवाखान्यात विचारलंत आणि मी एका शब्दात खोटं बोलले. इतकी वर्षं ते आत दाबून ठेवलं, आणि गेल्या रविवारी एका खेळात, चाळिशीला टेकलेल्या माणसांच्या फासे टाकायच्या खेळात, ते घशाशी आलं. म्हणून लिहायला बसले आहे.

खेळ काय ते आधी सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, पोरगी लातूरला फिजिक्स शिकवायला गेली का जुगार खेळायला. आमच्या क्लासच्या वरच्या खोलीत दर रविवारी दुपारी आम्ही चौघं बसतो. केमिस्ट्रीचे सर खेळ चालवतात, म्हणजे गोष्ट तेच रचतात आणि राजा, राक्षस, पहारेकरी या सगळ्यांच्या वतीने तेच बोलतात. त्यांची बायको, आमच्या वहिनी, तलवारवाली. औषधाचं दुकान चालवणारी माझी मैत्रीण चोर, आणि मी जादूगारीण. करायला घेतलेलं जमलं की फसलं हे वीस बाजूंच्या फाशावर ठरतं. माझे मंत्र पुस्तकात छापलेले आहेत: किती लांब जाईल, किती इजा करील, किती वेळ टिकेल. पण मंत्र दिसतो कसा हे मी ठरवायचं. सर म्हणतात, "आकडे तेच ठेवा मॅडम, वर्णन तुमचं." तर मी माझ्या जादूगारणीला तुमच्यासारखा लाईनमन करून टाकलं. खाकी शर्ट, कमरेला पट्टा, खांद्यावर पिशवी. पुस्तकातली वीज आभाळातून पडते, माझी तारेतून येते. अदृश्य ढालीच्या जागी तुमचे कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे. उडायचा मंत्र म्हटला की मी उडत नाही, खांब नसला तरी खांबावर चढते, तुम्ही चढायचात तशी, आधी थुंकी लावून तळहात चोळून. वहिनी हसून हसून बेजार. "अहो मॅडम, ही जादूगारीण हाय का लाईट गेल्यावर येणारा माणूस?" मी म्हणाले, दोन्ही. शाळेत असताना तुमचा खाकी शर्ट वाळत घातलेला दिसला तरी मी मैत्रिणींना दुसऱ्या गल्लीने न्यायचे, आणि इथे चार माणसांत तुम्हाला मिरवत होते. फार बरं वाटत होतं, अप्पा.

एक मंत्र मात्र मी निवडायलाच नको होता. समोरच्याची जादू बंद पाडून ठेवायचा मंत्र आहे, आणि मी लक्ष धरून ठेवीन तोवरच तो चालतो. त्याला रूप कोणतं द्यायचं याचा मी क्षणभरही विचार केला नाही. तोंडातून निघून गेलं, "ती फ्यूज काढून मांडीवर घेऊन बसते."

मी चौथीत आहे. डीपीजवळच्या, म्हणजे गावाच्या लाईनच्या पेटीजवळच्या, लिंबाखाली बसले आहे आणि लाईन बंद ठेवायला तिच्यातून काढलेले तीन पांढरे, जड फ्यूज माझ्या फ्रॉकमध्ये आहेत. तुमचा मदतनीस रजेवर आहे म्हणून तुम्ही मला सायकलवर बसवून आणलं आहे. गावात सगळेच अर्धे लाईनमन. खांबावर माणूस आहे का नाही हे न बघता कोणीही येऊन लाईन चालू करतो, म्हणून डीपीजवळ राखणीला कोणीतरी लागतं. तुम्ही माझ्यापुढे उकिडवे बसून सांगता, "मी खाली उतरून तुझ्या म्होरं उभा राहीस्तोवर हे कोणाला देऊ नको. मी सांगितलं म्हणून कोण आलं, तरी न्हाई. कळलं का माय?" मी मान हलवते. संध्याकाळी शाळेचं गॅदरिंग आहे, मी त्यात गाणार आहे, आणि माझं निम्मं चित्त तिकडेच आहे. तुम्ही तिसऱ्या खांबावर चढता. बऱ्याच वेळाने आमच्या शाळेचा शिपाई धापा टाकत येतो. "अगं माय, माईक बंद पडून राहिला, गुरुजी लोक बोंबलून राहिलेत. तुझ्या अप्पानं सांगितलंय, दे ते."

लाईन चालू झाली आणि तुम्हाला झटका बसला. तुमच्या पट्ट्याने तुम्हाला वरच धरून ठेवलं, म्हणून तुम्ही वाचलात. उजव्या हाताची दोन बोटं मात्र कायमची वाकली. नांदेडच्या दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर तुम्ही पहिलं तेच विचारलंत, "हिसकावून घेतले का गं त्यानं?" मी मान डोलावून म्हणाले, "हाव." दोन दिवसांनी शिपाई केळी घेऊन आला आणि दारातच उभा राहिला. "लाईनमन सायेब, थाप मारली ती माझी चूक हाय. पन हिसकावले न्हाईत. पोरीनं दिले." तुम्ही भिंतीकडे तोंड फिरवलंत. त्याने माझ्याकडे बघितलं. मी मोसंबी सोलत होते, सोलत राहिले. पुढे तुम्ही तक्रार केलीत आणि शाळेने त्याला कामावरून काढलं. बाजाराच्या दिवशी तो व्यापाऱ्यांच्या पाट्या उचलताना दिसायचा आणि तुम्ही सायकल दुसरीकडून घ्यायचात.

गेल्या रविवारी खेळात एक मनोरा होता, भिंतींतून वीज खेळवलेला. मैत्रिणीला वर चढून किल्ली आणायची होती. मी खाली मंत्र धरून बसले, फ्यूज मांडीवर. ती निम्म्यावर पोचली तेव्हा सर आवाज बदलून म्हणाले, "एक पहारेकरी तुमच्याजवळ येतो. म्हणतो, तुझ्या मैत्रिणीने सांगितलंय, दे ते." सरांना यातलं काही ठाऊक नव्हतं, त्यांनी आपली गोष्ट पुढे नेली होती. "तो खरं बोलतोय का हे ओळखायला फासा टाका," ते म्हणाले. मी फासा उचलला आणि टाकलाच नाही. मुठीत त्याचे कोपरे रुतत होते. सगळे माझ्याकडे बघायला लागले. शेवटी मी विचारलं, "मी बसलेय तिथून ती मला दिसते का?"

"दिसते की. वरच आहे."

"मग फासा कशाला?" वहिनी म्हणाल्या. "वर माणूस दिसायलाय म्हणल्यावर कोण देईल? येडं हाय का?"

सगळे हसले. मैत्रीण पुढे चढली, किल्ली मिळाली, खेळ झाला. मी पाणी पिऊन येते म्हणून खाली गेले आणि रिकाम्या वर्गात बाकावर बसून राहिले.

दिसत होतात, अप्पा. त्याने हात पुढे केला तेव्हा मी मान वळवून बघितलं होतं. तुम्ही तिसऱ्या खांबावर होतात, एक हात तारेकडे, शर्ट पाठीला चिकटलेला. तो थाप मारतोय हे मला तेव्हाच कळलं, आणि तरी मी एकेक करून तिन्ही फ्यूज त्याच्या हातात ठेवले. माईक सुरू व्हायला हवा होता, नाहीतर माझं गाणं झालं नसतं. आणि काही होईल असं वाटलंच नाही. तुम्ही रोज तारेला हात लावायचात आणि रोज घरी जेवायला यायचात, तुम्हाला कधी काही होत नसे. याहून चांगलं कारण मी तीस वर्षं शोधते आहे, सापडत नाही. तुमचं मन माझ्यासाठी आधीच खोटं घेऊन तयार होतं. मला फक्त 'हाव' म्हणायचं होतं.

हे पत्र तुमच्यापर्यंत पोचणार नाही, हे मला पहिल्या ओळीपासून माहीत आहे, आणि म्हणूनच ते तुम्हाला लिहिता आलं. यंदा माझ्या वर्गात जळकोटची एक मुलगी आहे. तिचे आजोबा पूर्वी बिलोलीच्या शाळेत शिपाई होते, आता थकलेत, पण कान शाबूत आहेत, असं ती सांगत होती. प्रवेशाच्या फॉर्मवर तिच्या घरचा पत्ता आहे. मी तो वाचला, फॉर्म परत फायलीत लावला आणि कपाट बंद केलं.