कितव्या मजल्यावर असतोस?

अब्बासिया, कुवेत
मार्च २००४

प्रिय प्रताप,

फोनवर तू "इकडे सगळं मस्त" म्हणतोस आणि तेवढ्यात कार्ड संपतं. म्हणून पत्र. यात तुला "हॅलो, आवाज तुटतोय" म्हणता येणार नाही.

इथे परवा धुळीचं वादळ झालं. अजून पोळी दाताखाली करकरते. फ्लॅटमधली माझी जोडीदारीण कुसुम म्हणते, आपण मेलो की जाळू नका म्हणावं, सरळ विटा पाडा. मी हल्ली शाळेच्या बसमध्ये बसल्या बसल्या झोपते. पोरंच उठवतात, "टीचर, स्कूल आ गया." दमले आहे रे. कशाने, ते सांगता येत नाही. आजार असता तर औषध तरी मागितलं असतं.

बिल्डिंगची लिफ्ट दिवाळीपासून बंद आहे. दारावरच्या हारिसला विचारलं की तो 'बुकरा' म्हणतो. बुकरा म्हणजे उद्या, असं मला पहिल्या वर्षी वाटायचं. तांदळाची गोणी घेऊन चौथा मजला चढताना कुसुम मागून टोमणा मारते, "नवरा परदेशात लिफ्टा सुधारतो आणि बायको बघा!" मी आपली अभिमानाने धापा टाकते.

कारण व्हँकुव्हरला तुझी मीना अल-अहमदी रिफायनरीतली वीस वर्षं कुणी हिशेबातच धरली नाहीत. कॅनेडियन अनुभव हवा म्हणे. तिकडे पेट्रोल वेगळ्या तऱ्हेने पेटतं की काय! मग तू परीक्षितला घेऊन दोन तास वर, त्या बर्फातल्या गावात गेलास आणि फोन केलास, "लिफ्टवर काम मिळालं." मी मंडळात पेढे वाटले. जयदीप म्हणाला, "वहिनी, प्रतापराव उंच गेले!"

गेल्या महिन्यात परीक्षितने फोटो पाठवले. लाकडी घरं, छपरांवर साखर ओतल्यासारखा बर्फ, मागे डोंगर. छान आहे गाव. पण दोन मजल्यांच्या वर एक घर दिसेना. मी फोनवर त्याला विचारलं, बाबा कितव्या मजल्यावर असतात रे? "आई, नो फ्लोअर्स. इट्स अ स्की लिफ्ट. बाबा लोकांना खुर्चीत बसवतात, मग खुर्ची वर जाते." आणि हळूच म्हणाला, "डोन्ट टेल हिम आय टोल्ड यू." मी सांगते आहे. त्याला रागावू नकोस.

आधी मी खूप हसले. वर जायला तिकीट काढायचं, ते खाली घसरण्यासाठी! आपण इथे फुकट घसरलो. मग हसू थांबलं. तू खोटं बोलला नव्हतास. लिफ्ट तू म्हणालास, इमारत मी बांधली. फक्त तू ती पाडली नाहीस. आणि मी यायचं म्हटलं की तीन वर्षं तुझं एकच, "थोडं सेटल होऊ दे." सेटल टाकीतला गाळ होतो, प्रताप. हे तूच मला शिकवलंस. माणसं नुसती वाट बघतात.

मला वाटायचं, तुला मी तिथे नको आहे. आता कळलं, तुला मी तो हातमोज्यांतला प्रताप बघायला नको होते. वेड्या, तेलाने माखलेला, घामाने आंबलेला प्रताप मी वीस वर्षं घरात घेतलाय. बर्फ निदान झटकला तरी जातो.

काल शाळेचा कागदपत्रं बघणारा मंदूब अकाम्याच्या, इथे राहायच्या परवान्याच्या, नूतनीकरणासाठी सगळ्यांचे पासपोर्ट गोळा करायला आला होता. मी दिला नाही. "मॅडम, बुकरा?" म्हणाला. म्हटलं, नाही, आता कधीच नाही. निकाल लागले की मी निघते. तुमचा बर्फ एप्रिलअखेरपर्यंत टिकतो, असं परीक्षित म्हणाला. तेवढ्यात पोचते. आता मला जिने चढवत नाहीत. पहिल्या दिवशी डोंगराखाली येऊन रांगेत उभी राहीन. ओळख दाखव, आणि खुर्ची आली की हात धरून बसव.

तुझीच,
सुहासिनी