माईंनी काशीत सोडलेला सिनेमा

२४ जाने. ८७, शनिवार
मुंबईहून वन्संचं पाकीट. आत कात्रण, फेब्रुवारीत दर रविवारी टीव्हीवर लागणाऱ्या जुन्या चित्रपटांचं. शेवटच्यावर लाल खूण : "२२ ला. आईचा."
आईचा म्हणजे नावेतल्या बाईचा. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई, आमच्या माई, तांदूळ निवडताना सबंध गोष्ट सांगायच्या. शेवटी ती नावेतून जाते ते हातानं दाखवायच्या. उजवीकडून डावीकडे, अगदी सावकाश. आठ वेळा पाहिलेला.
पण माईंनी काशीत सिनेमा सोडला. अठरा वर्षं झाली. टीव्हीसमोर बातम्यांपुरत्या बसतात.

२७ जाने.
माईंना घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. काचबिंदू. डावा गेलाच. उजवा, "वर्षभर धरून चाला."
परतताना रिक्षात माई : "यंदा मोहोर बरा आलाय ना गो?" रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झाडं नुसती लगडली होती.
ठरवलं. २२ ला माई चित्रपट पाहणार.

३० जाने.
विषय काढला. "सोडलं ते सोडलं."
"टीव्ही म्हणजे काही सिनेमा नव्हे, माई."
"मग काय, कीर्तन?"
शेजारच्या कुंदाताईंनी काशीत पडवळ सोडलं, जे त्यांना जन्मात आवडलं नव्हतं. तसं म्हटलं. तर म्हणाल्या, "कुंदाला देव ओळखून आहे."

३ फेब्रु.
यांना विचारलं, माईंनी सिनेमाच का सोडला? हे दाढी करत होते. "तुला माहीत नाही? तुझ्यासाठी."
बाळंतपणानंतरचा तो ताप. सून वाचली तर काशीला येईन, सगळ्यांत आवडतं तेच सोडीन, असं बोलल्या होत्या म्हणे.
आणि मी इतकी वर्षं समजत होते, वय झालं, देवाधर्माकडे वळल्या. कथांतून लोकांच्या मनातलं लिहिते म्हणे मी!
दुपारभर कागद समोर. एक ओळ नाही.

५ फेब्रु.
पूजेला येणाऱ्या गुरुजींना त्यांच्या घरी गाठलं. म्हटलं, जिच्यासाठी सोडलं ती धडधाकट समोर उभी आहे, आता तरी?
"सूनबाई, त्या देवाशी बोलल्या. मधे मी कोण?" फाटकापर्यंत पोचवायला आले. "कितीला लागतो म्हणालात?"
म्हणजे जे काय करायचं ते मलाच.

१४ फेब्रु.
पुस्तकांचं काचेचं कपाट ओढत नेऊन टीव्हीसमोरच्या भिंतीला लावलं. हे : "हे काय नवीन?" म्हटलं, आधीच्या भिंतीला वाळवी आहे.
टीव्ही लावून त्याच्याकडे पाठ करून माईंच्या पाटावर बसले. काचेत बातम्या देणारी बाई स्पष्ट दिसत होती.
फसवायचं नाही. कपाट माझं. बघायचं की नाही, ते त्यांचं.

२२ फेब्रु., रविवार
गुरुजी सगळ्यांत पुढे. कुंदाताई सहकुटुंब.
माई मोड आलेल्या वालांचं पातेलं घेऊन आल्या. "मी नुसती ऐकणार. ऐकणं सोडलेलं नाही." टीव्हीकडे पाठ करून पाटावर बसल्या. मग जरा पाट सरकवून घेतला. का, कोण जाणे.
"वळा हो माई, देव काय बघायला येतोय?"
"तू आधी पडवळ खाऊन दाखव गो."
मी चित्रपट पाहिला नाही. माईंना पाहत होते. प्रत्येक वाक्याआधी ओठ हलत होते, वाल सोलणं चालूच. शेवटी नावेचं गाणं लागलं आणि हात थांबले. सोललेला एक वाल चिमटीत तसाच.
सगळे गेल्यावर पातेलं उचलता उचलता म्हणाल्या, "नाव उलटी गेली गो."
"म्हणजे?"
"डावीकडे जायची. आज उजवीकडे गेली."
आणि आत निघून गेल्या.

२३ फेब्रु.
विचारलं नाही. व्रत मोडलं की नाही मोडलं, कुणाला विचारू? आणि मोडलं असेल तर ते माझ्या डोक्यावर येऊ दे, त्यांच्या नको. सकाळी देवापुढे तेवढंच म्हटलं.
चहा घेऊन आले तर माई पदरानं कपाटाची काच पुसत होत्या. एकाच दाराची, पुन्हा पुन्हा.
"धूळ फार बसते मेली," म्हणाल्या.
वन्संना कार्ड टाकलं : मार्चची यादी धाडा. टाकलं खरं. ती आली की माईंना वाचून दाखवायची की नुसती समोर ठेवायची, ते अजून ठरलेलं नाही.