नमुना नव्हे, मॉडेल

४ जुलै
शेजारचे शेख सर चित्रकलेचा क्लास घेतात, छावणी भागात. आज गेटात म्हणाले, "अम्मा, क्लासला मॉडेल पायजे. येता का?" म्हटलं, माझं वय काय, तुम्ही बोलता काय! हसले. नुसतं खुर्चीवर बसायचं, पोरं चेहरा काढतात. हो म्हणून टाकलं. घरात कोण बघतंय माझ्याकडं.

८ जुलै
बसले. नऊवारी, डोक्यावर पदर. नाकाला खाज. सर म्हणतात, "हिलना नक्को." सोसलं. सगळी पोरं डोळे बारीक करून माझ्याकडंच. हे गेल्यापासून असं कुणी बघितलं नव्हतं. लई बरं वाटलं.

१० जुलै
सुनेला, वैशालीला कळलं. हसून हसून खाली बसली. "आत्याबाई, मॉडेल जुनं झालं की लोक बदलून घेतात. तुम्हाला कोण घेणार?" म्हटलं, तुझं मॉडेल तर माहेरातूनच बिघडून आलंय. जीव थंड झाला. संध्याकाळी ताटात कालची भाकर.

१५ जुलै
संतोष शेंद्र्याच्या कंपनीतून आला तो तापूनच. कुणीतरी म्हणालं, तुझी आई मॉडेल झाली म्हणं. त्याच्या लेखी मॉडेल म्हणजे कॅलेंडरवरची उघडी बाई. "ह्या वयात कापडं काढून बसती व्हय गं?" पोटच्या पोरानं विचारलं. वैशालीला खरं माहीत. तरी नुसती भाजी निवडत राहिली. मेली.

१८ जुलै
सरांना विचारलं, मॉडेल म्हणजे नेमकं काय. ज्याला समोर ठेवून चित्र काढतात ते. बाई, बुवा, मडकं, काहीही. बांधायच्या आधी इमारतीचं छोटं करतात, तेही मॉडेल. शाळा चांगली असली की मॉडेल स्कूल. मराठीत? "नमुना," म्हणाले.
नमुना तर घरात रोजच म्हणतात मला. इंग्रजीत तेवढाच मान.

२२ जुलै
लवकर पोचले. दाराबाहेर चप्पल काढत होते. आत एक पोरगी विचारत होती, सर, परत ह्याच आजी? सर म्हणाले, "ऐसा चेहरा ढूँडे तो नहीं मिलता. आमची भिंत एकच, सगळं ऐकू येतं. ज्या दिवशी घरात भांडण, त्या दिवशी अम्मा बेस्ट मॉडेल."
तरी आत गेले. बसले. कुठं जाणार होते?
पोरं म्हणाली, आज डोळे मस्त आलेत.

२५ जुलै
सकाळीच संतोष, "आज क्लासला गेलीस तर परत घरात यायचं नाय." मी बोलले, तो बोलला, शेवटी वैशालीनं माझी पिशवी आणून उंबऱ्यावर ठेवली. गल्ली गोळा झाली.
सगळं शांत झाल्यावर भिंतीपलीकडून सरांचा आवाज, गोडच. "अम्मा, आज जरूर आना."
इथं रडले तर सून जिंकली. तिथं रडले तर सरांचं चित्र झालं. दोघांना काही द्यायचं नाही मला. धुतलेलं लुगडं नेसलेय. क्लास चारला आहे. अजून उंबऱ्याच्या आतच बसलेय.