जागा क्रमांक चौदा

जागा क्र. १४, हेरॉन कोव्ह उद्यान, ओरेगॉन
४ नोव्हेंबर

ती. स्व. एनिडआत्यास,
रोडाचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि बीटाचं लोणचं पोचलं. बरणी फुटली नाही. बाबांनी उभ्याउभ्याच अर्धी संपवली आणि वर म्हणाले, की एनिडचा साखरेचा हात अजून सैलच आहे.

२९ ऑक्टोबरला निघून आम्ही तुझ्याकडे नेब्रास्काला येणार होतो. ते जमलं नाही. आमच्या मोटरहोमची एक भिंत मुक्कामात बटण दाबून बाहेर सरकवतात, म्हणजे आत चालण्यापुरती जागा होते. ती आदल्या दिवशी आत येईना, आणि भिंत बाहेर असताना गाडी हलवता येत नाही. मोटर जळली असेल, असं बाबा म्हणतात. नवीन मागवली आहे, असंही तेच म्हणतात. मोटर येईपर्यंत म्हणून मी नोव्हेंबरच्या अर्जावरही सही केली.

उद्यानात मुक्कामाला येणाऱ्यांची व्यवस्था पाहणाऱ्या यजमानांची सेवा इथे महिन्याच्या बोलीवर असते. दोघांनी मिळून आठवड्याला चाळीस तास काम करायचं. त्याबद्दल जागा, वीज, पाणी. यजमान दोन हवेत, हा नियम. जूनमध्ये आई गेल्यावर रेंजर मॅकीबाईंनी उन्हाळाभर डोळेझाक केली. सप्टेंबरात मी पंधरा दिवसांसाठी आले, ती अर्जावर आईच्या रकान्यात बसले. शौचालयं धुते, शेकोट्यांची राख काढते, सरपणाच्या मोळ्या विकते. माझी उंची पाच फूट नऊ इंच, पलंग पाच फूट सहा इंच. उरलेले तीन इंच गुडघे दुमडून भागवते.

दारापुढे आईनं कोरलेली पाटी अजून आहे: 'तुमचे यजमान, वर्न आणि लोइस'. लोक मला लोइस म्हणतात. पहिल्या आठवड्यात मी दुरुस्ती करायचे. आता करत नाही. सांगून झालं की समोरच्याला वाईट वाटतं आणि मग त्याचीच समजूत काढावी लागते.

आठवण काढतेस तशी काढत राहा.
तुझी,
रोडा


ब्रोकन बो, नेब्रास्का
१२ नोव्हेंबर

चि. रोडास,
एनिडचे अ. उ. आ.

तुझ्या बाबाला सांग, साखर बरणीत होती म्हणून त्यानं अर्धी संपवली. खालची खोली मी रंगवून ठेवली आहे. त्याच्या गुडघ्यांना जिना नको म्हणून माझी शिवणाची मशीन वर चढवली, आणि ती चढवताना शेजारच्या क्लाइडची कंबर गेली. तेव्हा आता यावंच लागेल, नाहीतर क्लाइडला काय सांगू?

एक विचारते. तू पुलांची तपासणी करणारी मुलगी. केसाएवढी भेग दोरावर लटकून शोधतेस. मग मोटरला वीज पोचते की नाही, हे तू स्वतः पाहिलंस का, की वर्ननं सांगितलं आणि तू मान डोलावलीस? तुझा बाबा सात वर्षांचा असताना आम्हाला गाव सोडायचं होतं. निघायच्या दिवशी त्याचे बूट सापडेनात. आईनं घर पालथं घातलं, दोन दिवस मुक्काम वाढला. बूट त्यानं पिठाच्या डब्यात ठेवले होते. मी हे उगाच सांगत नाही.

तुझ्या ऑफिसातून फोन आला होता. रजा जानेवारीत संपते आहे. पाच जानेवारीपर्यंत कळवलं नाहीस, तर जागा दुसऱ्याला देणार.

उत्तर नीट, सगळ्या प्रश्नांचं दे.
तुझी आत्या,
एनिड


जागा क्र. १४
२ डिसेंबर

ती. स्व. आत्यास,
सा. न. वि. वि.

इथे सतरा दिवस सलग पाऊस आहे. गाडीची उजवीकडची चाकं दोन इंच मातीत गेली आहेत, फळ्या घातल्या. मोटर अजून आलेली नाही. डिसेंबरचा अर्ज भरून दिला. बाबांची तब्येत ठीक आहे. क्लाइडकाकांना शेक घ्यायला सांग.

गेल्या आठवड्यात मागच्या वर्षीचं एक जोडपं पुन्हा आलं. बाई अंधुक नजरेची आहे. माझ्याकडून दोन मोळ्या घेताना म्हणाली, की लोइस, तू बारीक झालीस. मी आभार मानले. बाबा जवळच उभे होते. त्या दिवशी जेवताना ते खूप बोलत होते, बऱ्याच दिवसांनी.

काल त्यांना सरपणाच्या कोठाराची किल्ली हवी होती. बाहेरून हाक मारली, "लोइस, किल्ल्या दे गं." मी दिल्या.

बाकी विशेष काही नाही. माया आहे ती असू दे.
तुझी भाची


ब्रोकन बो
११ डिसेंबर

चि. रोडा,
अ. उ. आ.

तुझं पत्र तीनदा वाचलं. चाकं किती रुतली ते इंचात लिहिलंस, पाऊस दिवसात लिहिलास. विजेचं एक अक्षर नाही. लहानपणापासून तू खोटं बोलत नाहीस. जे बोलायचं नसतं ते गाळतेस. म्हणजे तुला माहीत आहे. किती दिवसांपासून?

आणि खाली नाव घालायला विसरलीस. मला वर्नची काळजी होती. आता तुझी जास्त वाटते.

वर्नचे बूट आईनं शोधले होते, रोडा. तुमच्या घरात शोधणारी आता तूच आहेस.

वाट पाहणारी,
एनिड


जागा क्र. १४
२९ डिसेंबर

ती. स्व. एनिडआत्यास,
रोडाचा सा. न. वि. वि.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: ३० ऑक्टोबरपासून. शोधायला अकरा मिनिटं लागली. मोटर चांगली आहे. त्या भिंतीचा फ्यूज जागेवर नव्हता. बाबांच्या खिळ्या-स्क्रूंच्या कॉफीच्या डब्यात, तळाशी होता. मोटर कुणी मागवलेलीच नाही. मी डबा झाकण लावून जागेवर ठेवला. तसाच फ्यूज माझ्या अवजारांच्या पेटीतही आहे, तोही लावला नाही. दोष मोटरचा आहे तोवर बाबांना काही विचारावं लागत नव्हतं, आणि मलाही कुणी काही विचारत नव्हतं. तपासणीत मी असा अहवाल परत पाठवला असता.

परवा मॅकीबाई मी भरून दिलेला जानेवारीचा अर्ज आणि सोबत एक नवा कोरा अर्ज घेऊन आल्या. नम्रपणे म्हणाल्या, की सही पुन्हा करावी लागेल. मी पाहिलं. अक्षर माझं, वळण माझं, पेनही माझंच. नाव लोइस टटल. लिहिताना मला काहीच वेगळं वाटलं नव्हतं. आत्या, माझ्या सहीवर लोक पुलावरून गाड्या नेतात.

नवा अर्ज कोराच परत दिला. आत गेले, डब्यातला फ्यूज काढला, लावला. आईची खुर्ची भिंतीच्या वाटेत होती, ती बाहेर दारावरच्या कापडी छपराखाली नेऊन ठेवली. बाबा बशा पुसत होते. बटण दाबलं. भिंत आत यायला चाळीस सेकंद लागतात. ते बशी हातात धरून मागे मागे सरकत गेले, शेवटी आम्ही दोघं दीड फुटात समोरासमोर उभे राहिलो.

कधी कळलं, असं त्यांनी विचारलं. मी तारीख सांगितली. मग बोलली का नाहीस, म्हणाले. मी म्हटलं, "मी रोडा आहे, बाबा."

"माहीत आहे मला. फ्यूज काढला तेव्हाही माहीत होतं." मग बशी पुन्हा पुसायला घेतली, ती कोरडीच होती. "इथे अजून कुणीतरी तिला हाक मारतं. एनिडकडे कोण मारणार?"

याचं उत्तर तुझ्याकडे असेल तर आम्ही पोचेपर्यंत तयार ठेव.

ऑफिसला आज होकाराचं पत्र टाकते आहे. २ जानेवारीला उद्यानाचा ट्रॅक्टर गाडी ओढून काढणार आहे. पाटी बाबांनी स्वतः उतरवली, स्क्रू मोजून डब्यात टाकले. खुर्ची अजून बाहेर आहे. भिंत आत असल्यामुळे इथे एका वेळी एकालाच वावरता येतं. दुसऱ्यानं बसून राहायचं. आत्ता बाबा बसले आहेत.

भिंत आत आल्यावर, ती परत बाहेर जाऊ नये म्हणून, मी फ्यूज पुन्हा काढला. तो माझ्या खिशात आहे. ते त्यांना माहीत आहे. अजून मागितलेला नाही.

भेटीपर्यंत लोभ राहू दे.
तुझी,
रोडा टटल